दुसऱ्यांदा बुडवलेला घड

द्राक्षबागेत जाऊन मी टीव्हीगेम शिकून आले, असं सांगितलं की आमच्या गल्लीत लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मुलाकडे. आईचं जरा बघ रे, असा त्या नजरेचा अर्थ. बघू द्यात. साठीला टेकलेली बाई नाशकाला गेली की काळारामाचं दर्शन घेऊन, चिवड्याचं पाकीट घेऊन परत येते, अशी पद्धत आहे. मी दर्शनही घेतलं आणि चिवडाही आणला. पण जे कमावून आणलं ते वेगळंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी कोल्हापूरची. माझी सगळी नोकरी फाउंड्रीतल्या जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत उतरवण्यात गेली. ऐन तिशीत कंपनीनं मला चार महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. बाकीच्यांनी तिथून घड्याळं आणली, मी एका जुन्या बाजारातून टीव्हीगेमच्या कॅसेटी आणल्या. कॅसेट म्हणजे यंत्राच्या खाचेत बसवायची ती प्लास्टिकची जाड वडी. त्या दिवसापासून जी खोड लागली ती लागलीच. आज माझ्या कपाटात साड्या कमी आणि कॅसेटी जास्त आहेत.

त्यातली एक द्राक्षबागेची. मारामारी नाही, राक्षस नाहीत. एक मुलगी शहरातून गावी येते आणि पडीक बाग उभी करते, एवढंच. छोट्या कंपनीनं थोड्याच प्रती काढल्या आणि ती कंपनीही बंद पडली. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, हा खेळ मराठीत आणायचा. यंत्राच्या पोटातलं जोडकाम पुण्याच्या एका ओळखीच्या मुलीनं केलं, बाकी सगळं मी. त्या जुन्या यंत्रात एकेक अक्षर सोळा ठिपक्यांच्या चौकोनात बसवावं लागतं. जपानी अक्षरं बसतात मुकाट्यानं. आपला वरचा रफार, खालचा उकार, कुठे बसवणार? 'द्राक्ष' हा एक शब्द मी अकरा दिवस ठिपक्या-ठिपक्यानं काढत होते. पण बसवला! आणि वाचता येतो! तीन वर्षं अशी गेली.

खेळाचे हक्क होते खेळ रचणाऱ्या म्हातारबुवांकडे. ते जपानात एका द्राक्षाच्या गावात राहतात, कागदावर पत्र लिहितात, मोजून चार ओळी. मी परवानगी मागितली तेव्हा उत्तर आलं: "खेळाचं शेवटचं वाक्य तुमच्या भाषेत लिहून पाठवा. पटलं तर परवानगी देतो. या वर्षाअखेरीस मी सगळी जुनी कागदपत्रं आवरून ठेवणार आहे." म्हणजे डिसेंबर संपला की संपलं.

आणि गोची अशी, की ते शेवटचं वाक्य कोणी पाहिलेलंच नव्हतं; कॅसेटीतून उतरवून काढलेल्या मजकुरातही ते सापडलं नव्हतं. खेळात शेजारचा एक म्हातारा आहे, मी त्याचं नाव मराठीत तात्या केलं. तो वर्षभर कुंपणाशी उभा राहून तुमचं काम बघतो आणि दर हंगामाच्या शेवटी एकच म्हणतो, "अजून नाही." सातव्या वर्षी बाग फुलते, तात्या तुमच्या हातात लाल पाण्याचा पेला देतो, तुम्ही तो एकेका घडाला लावायचा. लावला की यंत्र विचारतं, 'काढणीपर्यंत झोपायचं?' झोपलं की काढणी होते आणि तात्या पुन्हा म्हणतो, "अजून नाही." परदेशातल्या संग्राहकांनी त्या पेल्याला दारू ठरवलं, वेलीला दाखवलेला नैवेद्य म्हणे. त्यांनी इंग्रजीत तसंच लिहिलं आणि या खेळाला शेवटच नाही असं जाहीर करून टाकलं. मी म्हटलं, अडाणी आहेत. लाल पाणी म्हणजे कुंकू कालवलेलं तीर्थ, हे मराठी बाईला कळणार नाही तर कोणाला? मी मराठीत 'तीर्थ' लिहिलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

पहिला दिवस, नाशिक

नाशकाला जायचं कारण मात्र साधं होतं. या कॅसेटीत बटणाएवढी एक बॅटरी असते, तिच्यावर तुमचा खेळ जिथवर आला तिथवर लक्षात राहतो. डिसेंबर लागला आणि माझी बॅटरी शेवटचे श्वास घेऊ लागली. ती गेली की माझी खेळातल्या सात वर्षांची बाग गेली, आणि ती पुन्हा उभी करायला चार महिने लागले असते. संग्राहकांमध्ये एक नाव सगळे घेतात, जुन्या नाशकातले हनीफभाई. बॅटरी बदलतात आणि आतला खेळ पुसू देत नाहीत.

मी पंचवटीत उतरले होते. सकाळी मिसळ खाल्ली. आता खरं सांगू का? मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. मिसळीबरोबर पापड आणि दही ठेवलं तेव्हा माझं कोल्हापुरी डोकं फिरलं. तर्रीला दह्याचा आधार कशाला? पण काळ्या मसाल्याचा तो रस्सा पाव संपल्यावरही मी चमच्यानं ओढत बसले, आणि पापडही मीच मोडून टाकला त्यात. हे आमच्याकडे कोणाला सांगू नका.

पूल ओलांडून जुन्या नाशकाच्या गल्लीत शिरले. हनीफभाई सत्तरीचे, पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही म्हणून शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतात. दुकानात एका बाजूला स्टार्टरच्या लोखंडी पेट्या आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या कपाटात रांगेनं टीव्हीगेम.

"बाजी, बसा," ते थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाले. "कॅसेट द्या आणि बोलू नका. माझा हात हलला तर तुमचंच नुकसान."

मी आणि न बोलणं! पण बसले. त्यांनी आधी नवी बॅटरी दोन बारीक तारांनी जोडली आणि मगच जुनी सोडवली.

"लोक आधी जुनी काढतात," ते म्हणाले. "एक सेकंद करंट तुटला की सगळी याददाश्त गेली. आधी दुसरा हात धरायचा, मग पहिला सोडायचा."

मग कॅसेट यंत्रात घालून टीव्ही लावला. माझी बाग जशीच्या तशी! वर 'द्राक्षबाग' हे माझं अक्षर. हनीफभाईंनी चष्मा वर ढकलून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "चाळीस साल या मशीनी खोलतोय. मराठी पहिल्यांदा बघितलं." मला इतकं भरून आलं की मी उगाच पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

त्यांना दाखवावं म्हणून मी तीर्थाचा प्रसंग लावला. पडद्यावर हात, हातात लाल पेला, तो खालून वर जातो आणि घडाला लागतो. तेवढ्यात मागून हसू ऐकू आलं. दुकानात एक बाई आपला स्टार्टर घ्यायला आल्या होत्या. डोक्याला रुमाल, अंगावर साडीवर पुरुषी शर्ट, हातात गाडीची किल्ली.

"काय हो मॅडम, हे तीर्थ हाय?"

"हो, कुंकवाचं," मी ठसक्यात म्हणाले.

"तीर्थ खालून कोण देतं? तीर्थ वरून पडतं, हातावर. ह्यो तर घड बुडवून राहिलाय. डिपिंग हाय त्ये!"

त्यांनी सांगितलं ते असं: द्राक्षाचे मणी फुगावेत म्हणून जीए नावाचं औषध पाण्यात घालतात, आणि प्रत्येक घड एकेक करून पेल्यात बुडवतात. पिंपळगावकडे या दिवसांत घरोघरी तेच चाललेलं असतं.

"पण ते लाल आहे," मी हार मानायला तयार नव्हते.

"तिकडं रंग टाकत असतील. बुडवलेला कोणता आणि राहिलेला कोणता ते कळाया."

हनीफभाई खाली मान घालून हसत होते. तीन वर्षं! जपानी येतं म्हणून मिरवणारी मी, आणि एका वाक्यात माझं तीर्थ सांडलं.

बाईंचं नाव सुमन. पिंपळगाव बसवंतजवळ त्यांची तीन एकर बाग, नवरा गावातल्याच शीतगृहात नोकरीला, बाग सगळी यांच्या अंगावर. मी हट्टानं विचारलं, "बुडवतात तर बुडवतात. मी पण बुडवलंच की! मग तो म्हातारा 'अजून नाही' का म्हणतो?"

"त्ये बागेत आल्याबिगर कसं सांगू?" सुमनताई म्हणाल्या. "उद्या माझी दुसरी डिपिंग हाय. चला, गाडी रिकामीच चालली."

मी ओळखदेख नसताना पिकअपमध्ये चढून बसले. हनीफभाईंनी टीव्हीगेमचं यंत्र आणि नव्या टीव्हीला जोडायची वायर पिशवीत घालून दिली. "परत आणा," एवढंच म्हणाले.

दुसरा दिवस, पिंपळगाव बसवंत

थंडी अशी की सकाळी बोलताना तोंडातून वाफ. आमच्याकडे उसाच्या फडात शिरायचं तर अंग कापून घ्यायची तयारी लागते. इथे मांडवाखाली वाकून चालायचं आणि डोक्यावर हिरवे घड लोंबत असतात. उसाला कोणी एकेक कांडं हातात धरून अंघोळ घालत नाही. इथे बारा-पंधरा बाया ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचा पेला, आणि हजारो घडांपैकी एकही चुकवायचा नाही.

मलाही हातमोजे आणि पेला मिळाला. पेला खालून आणायचा, घड देठापर्यंत आत घालायचा, बाहेर काढला की देठाला बोटानं हलकी टिचकी मारून झटकायचा, नाहीतर टोकाला थेंब राहतो आणि तिथे डाग पडतो. ऐकायला काय, सोपं आहे. मी पहिल्याच घडाला पेला आपटून चार मणी पाडले. दुसऱ्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तासाभरानं सुमनताई मागून आल्या, माझे घड उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "अजून नाय."

मी वळून बघितलं. त्यांना कल्पनाही नव्हती त्या काय बोलल्या याची.

बांधापलीकडे दुसरी बाग. तिथले बबनभाऊ, सत्तरीचे, कानटोपी घातलेले, काठीवर हात ठेवून आमच्याकडे बघत उभे. बोलत नव्हते, नुसते बघत होते. मला तर हसूच आलं, हा आमचा तात्या इथेच आहे म्हणून.

"आपल्याकडं दोन छाटण्या," भाकरी खाताना सुमनताई सांगत होत्या. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची कोवळी पात. "एप्रिलात एक, ऑक्टोबरात एक. तुमच्या त्या खेळात किती?"

"एकच. तिकडे बर्फ पडतो. वेल झोपते हिवाळाभर."

"मजा हाय बाबा बर्फवाल्यांची," सुमनताईंच्या जाऊबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

दुपारी हनीफभाईंच्या वायरीनं यंत्र सुमनताईंच्या टीव्हीला जोडलं. खेळायचा बटणांचा ठोकळा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घड बुडवला आणि बोट आपोआप दुसऱ्या बटणावर गेलं. पडद्यावरचा घड हलला, लाल थेंब खाली गळला. मी ते बटण इतक्या वर्षांत या प्रसंगात कधी दाबलंच नव्हतं. तीर्थ कोण झटकतं? सगळे घड झाले. यंत्रानं विचारलं, 'काढणीपर्यंत झोपायचं?'

मी सवयीनं म्हणाले, "हो म्हणा."

"आन् बाग?"

"ती येते आपोआप."

"बाग सोडून झोपतं का कोणी?" सुमनताई खरोखरच चिडल्या. त्यांनी 'नाही' दाबलं. खेळातली मुलगी दुसऱ्या सकाळी उठली, बागेत गेली, घड पाहून परत आली. काही झालं नाही. तिसऱ्या सकाळीही तेच. मी कंटाळले, जाऊबाई चहा करायला उठल्या. सुमनताई मात्र रोज सकाळी एकेक ओळ बघत होत्या. "मणी वाढून राहिले," त्या म्हणाल्या. मला ठिपक्यांत काहीच फरक दिसत नव्हता. खरं तर एकेका ठिपक्यानं मणी मोठा होत होता, आणि दर वेळी काढणीपर्यंत झोपून मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

नवव्या सकाळी कुंपणाच्या खांबावर लाल पेला ठेवलेला दिसला.

"मणी वाढले की पुन्हा बुडवायचं. आली बघा दुसरी डिपिंग!" सुमनताई ओरडल्या, आणि त्याच क्षणी लाईट गेली.

माझ्या तोंडून जे निघालं ते छापता येणार नाही. अर्धा तास मी ओट्यावर येरझाऱ्या घातल्या. लाईट आली, यंत्र चालू केलं. बाग जागेवर होती, नववी सकाळ जागेवर होती, खांबावर पेला होता. हनीफभाईंना मी तिथूनच हात जोडले.

सुमनताईंनी दुसऱ्यांदा सगळे घड बुडवले, प्रत्येक घड झटकला. मग काढणी झाली. तात्या कुंपणाशी आला. या वेळी तो कुंपण ओलांडून आत आला, त्याच्या हातात त्याचा स्वतःचा रिकामा पेला होता, आणि खाली जपानीत एक छोटीशी ओळ उमटली. अर्थ असा: उद्या आमचंही बघा.

संपलं. एवढंच. जगातल्या भल्याभल्या संग्राहकांनी नसल्याचं जाहीर केलेला शेवट पिंपळगावच्या बाईनं एका दुपारी काढून दाखवला. मी त्यांना मिठीच मारली. "अगं बाई, हातातला ठोकळा तरी ठेवू द्या," त्या म्हणाल्या.

पण माझं काम तिथेच अडलं. शेवटच्या पडद्यावर एकच ओळ मावते, चौदा चौकोनांची. मी लिहिलं, 'उद्या कृपया आमच्या बागेतही साहाय्यास यावे.' मावेना. आणि वाचून दाखवलं तर सुमनताईंनी विचारलं, "ही ग्रामपंचायतीची नोटीस हाय का?" 'उद्या आमचंही बघा' हे मावत होतं, पण त्यात धमकी वाटत होती. संध्याकाळपर्यंत मी वहीची तीन पानं खोडली. तीस वर्षं भाषांतर केलेली बाई मी, आणि चार शब्द सापडेनात.

तिसरा दिवस, तीच बाग

उरलेल्या चार ओळी बुडवायच्या होत्या. दुपारच्या बसनं मी निघणार होते, म्हणून म्हटलं तोवर हात लावू. डोक्यात तेच वाक्य घोळत होतं, त्यामुळे हातांकडे लक्षच नव्हतं. पेला खालून वर, घड आत, बाहेर, टिचकी. पेला खालून वर. ओळ संपली तेव्हा माझं कोपर कोरडं होतं, आणि खाली एकही मणी पडलेला नव्हता. सुमनताईंनी माझे घड पाहिले आणि काही न बोलता पुढे गेल्या.

मग बांधावरून काठीचा आवाज आला. बबनभाऊ बांध ओलांडून आत आले. दोन दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी माझ्या ओळीतला एक घड खालून बोटांवर तोलला, टोकाला थेंब आहे का ते पाहिलं, आणि मला म्हणाले,

"ताई, उद्या आमच्याकडं या."

पेला माझ्या हातातच राहिला. उद्या आमच्याकडं या! विनंती आहे, पण मिंधेपणा नाही. मान आहे, पण स्तुती नाही. पलीकडची बाग त्यांनी माझ्या हातात द्यायला काढली आणि 'बाग' हा शब्दही उच्चारला नाही. मी मनातल्या मनात चौकोन मोजले. उ, द्या, मग मोकळी जागा... दहा! चौदांत दहा!

"काय झालं ताईंना?" बबनभाऊंनी घाबरून विचारलं, कारण मी बागेच्या मधोमध उभी राहून ढसाढसा रडत होते.

"काय नाय, त्यांचं वाक्य सापडलं," सुमनताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्या कबूल करणार नाहीत.

बस मी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी बबनभाऊंच्या बागेत पाच ओळी केल्या, एकही तक्रार आली नाही. त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. वर मराठीत ते एक वाक्य, खाली जपानीत सगळी हकिगत: माझं तीर्थ, सुमनताईंची डिपिंग, नववी सकाळ, बांधावरचे बबनभाऊ. टपालात टाकलं. परतताना नाशकात उतरून हनीफभाईंचं यंत्र परत केलं आणि त्यांना शेवट सांगितला. त्यांनी तो मला दोनदा सांगायला लावला.

परत घरी

उत्तर जानेवारीत आलं. मी ते उघडायला मुलाला सांगितलं. आत परवानगीचा कागद, त्यावर लाल शिक्का. शिक्क्यावरची तारीख डिसेंबरच्या शेवटच्या दिवसाची. सोबत चार ओळींचं पत्र:

"तुमची लिपी मला वाचता येत नाही. पण वाक्य लहान आहे, म्हणून बरोबर असणार. हा शेवट कोणी शोधला हे मी माझ्या शेजाऱ्याला सांगितलं. तो विचारतो, तुमच्याकडे दुसऱ्यांदा किती दिवसांनी बुडवतात?"

मी लगेच सुमनताईंना फोन लावला. पत्र वाचून दाखवलं.

"त्यो शेजारी खरोखरचा हाय?" त्यांनी विचारलं.

"असणार. तात्या तोच असेल."

"मग त्याला म्हणावं, आम्ही दिवस मोजत नाय. मणी बघतो."

मी वही ओढली आणि ते वाक्य जपानीत उतरवलं. आयुष्यभर मी जपान्यांचं आपल्या माणसांना समजावून सांगत आले. पिंपळगावचं जपानला समजावून सांगायची ही पहिलीच वेळ. वाक्य छोटंच झालं. मी ते कोणाला न दाखवता पाकिटात घातलं, कारण बरोबर आहे हे मला माहीत होतं.